पावणेदोन आणि एक सूत

३ फेब्रुवारी, दुपार

लाडक्या मोजपट्टीस,

बाबांचा आशीर्वाद आधी घे, बाकीचं मग वाच. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो पण ती कुरकुरत नाही. माझं नेमकं उलटं, असं तिचं म्हणणं. तुझं नेहमीचं पत्र सोमवारी आलं. पाकिटावर आईचं नाव, आत आईचीच चौकशी आणि शेवटी 'बाबांना नमस्कार'. तो नमस्कार मी दोनदा वाचला. गेली सहा वर्षं तो त्याच जागी, त्याच दोन शब्दांत येतो. कवितेच्या खाली छापखान्याचं नाव असतं ना, तसा.

तुला मोजपट्टी म्हटलेलं चालतं ना अजून? मोठ्या कारखान्यात लाकडाची परीक्षक आहेस तू, चाळिशीला टेकलीस. पण माझ्या डोळ्यांपुढे ती सहा वर्षांची पोरच येते, गिरणीतल्या मांजराची शेपटी मोजून 'नऊ इंच तीन सूत' असं ओरडत येणारी. आठ सुतांचा इंच होतो हे तू बाराखडीच्या आधी शिकलीस.

आत्ता जेवणाची सुट्टी आहे. आरा थांबलाय. तो थांबला की कानांत जी पोकळी होते तिच्यात मला आमच्या कवितेच्या मास्तरांचा आवाज ऐकू येतो. पट्टी टेबलावर आपटत ते आम्हाला वृत्त शिकवायचे. 'कान उघडा ठेवा, अर्थ मागून येतो.' तुला शंभरदा सांगितलंय, एकशे एकाव्यांदा सांगतो: पात्याला धार असली की आरा भुजंगप्रयातात चालतो, धार गेली की गद्यात. आज सकाळपासून गद्यच चाललंय. संध्याकाळी पातं काढून घासायला देतो.

पण पत्राचं कारण वेगळं आहे.

वाचनालयाच्या आवारातला शिरीष पडला. फाटकाजवळचा तो. त्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळायच्या आणि तू म्हणायचीस, झाडाच्या खिशात सुटे पैसे आहेत. गेल्या महिन्यातल्या वादळात मुळासकट आडवा झाला. भिंत वाचली, सायकली गेल्या. परवा वाचनालयाच्या बाई स्वतः ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून त्याचा बुंधा घेऊन आल्या. तीच पांढरी साडी, तोच चष्मा दोरीला बांधलेला. म्हणाल्या, "गिरणीवाले, याचं वाचनाचं लांब टेबल करायचं. त्याच्याच सावलीत लोक वाचायचे, आता त्याच्यावर वाचतील."

मला हे इतकं आवडलं की भाव सांगायचाच विसरलो. बाई विसरल्या नव्हत्या.

"किती होतील? एकच आकडा सांगा. आणि तीन महिन्यांत हवंय."

"तीन महिन्यांत मिळेल, पण ओलं टेबल मिळेल. वाचणाऱ्यांच्या बाह्या भिजतील."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही बाई. हे झाड अजून पाण्याने भरलेलं आहे. मी आज चिरून देईन. पण फळीला रंधा मारून घोटून द्यायची, तर ती आधी सुकायला हवी. सावलीत, वाऱ्यावर, इंचाला एक वर्ष. म्हणून आकडे दोन. एक ओल्याचा, तो आज. दुसरा सुक्याचा, तो फळ्या सुकल्यावर, तेव्हा जेवढ्या सरळ निघतील तेवढ्यांचाच."

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे चिराई, टोकांना मेण लावायची मजुरी, थप्पी रचणं, शेडचं भाडं. उजवीकडे रंधा, घासकाम, तेलाचे तीन हात. बाई कागद लांब धरून वाचत होत्या.

"चिराई अख्ख्या ओंडक्यावर लावलीत. फळ्या त्याहून कमीच निघणार ना? मग भुशाचे पैसेही मीच द्यायचे?"

"भुसा तुमचाच. पोत्यात भरून देतो. पण पातं तो भुसा खात खातच पुढे सरकतं, उपाशी चालत नाही."

"आणि हे काय, 'खिळ्यामागे'?"

"आवारातलं झाड आहे. कुणी ना कुणी काहीतरी ठोकलेलं असणार. पात्याचा दात गेला तर तो तुमच्या खात्यावर. आधी सापडला तर मी फुकट उपटतो."

चुंबक घेऊन मी बुंध्याला प्रदक्षिणा घातली. सतरा खिळे निघाले. तुझी ती जुनी युक्ती, साल काढून निळसर डाग शोधायचा. जिथे निळं, तिथे आत लोखंड. बाई पाहत उभ्या होत्या. शेवटी कबूल झाल्या, की चाळीस वर्षं 'शांतता राखा'ची पाटी त्या झाडालाच ठोकली जायची आणि दर दोन-तीन वर्षांनी नवी. मी म्हटलं, त्याच खिळ्यांनी माझं पातं किंचाळलं असतं.

बाई पहिल्यांदा हसल्या. सही केली. आणखी एक-दोन गोष्टी बोलल्या, त्या काही महत्त्वाच्या नाहीत.

तर विचारायचं ते हे. टेबलाच्या फळ्या शेवटी दीड इंच जाड हव्यात. शिरीष ओला, गाभा काळपट तपकिरी, कडेचा पांढरा भाग तीन बोटं. किती जाड चिरू? माझा अंदाज पावणेदोन. तुझ्याकडे आता ओल मोजायची यंत्रं आहेत, म्हणून विचारतो.

माझा रंधा खणातच आहे. पात्याला खाच आहे, घासायला हवी. होईल कधीतरी.

तुझे बाबा

---

१९ फेब्रुवारी

माझ्या मोजपट्टीस, खूप प्रेमाने,

तुझं कार्ड आलं. माझ्या नावावर. पोस्टमन म्हणाला, "काका, कार्ड आहे, काही लिहिलेलं दिसत नाही." त्या बिचाऱ्याला वाटतं पत्र म्हणजे पानभर. अख्खं कार्ड मला पाठ आहे:

'पावणेदोन आणि एक सूत. टोकांना मेण त्याच दिवशी. थप्पीवर वजन.'

नमस्कार नाही, सही नाही. आईला दाखवलं. ती म्हणाली, "तार केलीय की पत्र?" पण मग कार्ड तिने स्वतःच डाळीच्या डब्यामागे उभं करून ठेवलं, येता-जाता दिसेल असं.

ऐक आता काय काय केलं. पातं नवं बसवलं. ओंडका गाड्यावर चढवताना मी स्वतः पाचरी मारल्या. बाकीचे म्हणत होते, तुम्ही बसा. मी म्हटलं, बसायला मला अजून जागा ठरलेली नाही. पहिला काप सालीचा गेला, दुसऱ्याला गाभा उघडला आणि सगळी गिरणी बघायला जवळ आली. काय रंग होता सांगू. ओल्या मातीवर संध्याकाळ पडावी तसा. थोड्या वेळात हवा लागून तो उतरेल हे मला माहीत आहे, आणि तेल लागलं की परत येईल हेही. पण ती पहिली दोन मिनिटं चिरणाऱ्याची असतात. गिऱ्हाइकाला ती कधीच मिळत नाहीत, त्यांचा भाव लावता येत नाही.

आरा त्या दिवशी शुद्ध भुजंगप्रयातात चालला. एकदाही अडखळला नाही.

नऊ फळ्या निघाल्या, प्रत्येक पावणेदोन आणि एक सूत. तुझा तो एक सूत मी डोळ्यांत तेल घालून ठेवला. मला आधी वाटलं होतं पोरगी फार सावध झाली, कारखान्यात राहून. मग तिसऱ्या फळीत एक पिळाची गाठ लागली, ती फळी सुकताना वळणार हे दिसतंच होतं, आणि सरळ करायला तेवढं मांस लागणारच होतं. माझा अंदाज चुकला असता. तुझा नाही चुकला.

टोकांना त्याच दिवशी मेण लावलं. शेडच्या उत्तरेकडच्या भिंतीशी थप्पी लावली. दोन फळ्यांमध्ये हात-हातभर अंतरावर एकसारख्या पट्ट्या, एकाखाली एक, ओळंब्यात. वर जुन्या जात्यांचे दगड ठेवले वजनाला. भिंतीवर खडूने लिहिलं:

उन्हात टाकली तर फळी रुसून वाकते,
सावलीत ठेवली तर सावकाश पिकते.

आई म्हणाली, "यमक जुळलं की काम झालं असं यांना वाटतं."

मी हे पत्र इथेच संपवून पाकीट तिच्याकडे दिलं होतं. टपालाच्या पेटीकडे तीच जाते. तिने उभ्याउभ्या वाचलं आणि पाकीट परत माझ्या हातात दिलं.

"हे अर्धंच आहे."

"अर्धं कसं? फळ्या किती, पट्ट्या किती, सगळं लिहिलंय."

"बाई सही करताना काय बोलल्या ते लिहिलंत?"

"त्याने तिला उगाच वाईट वाटेल."

"तिला सहा वर्षं वाटतंच आहे. आता तुम्हाला थोडं वाटू दे. त्याशिवाय मी डिंक लावणार नाही."

म्हणून पेन पुन्हा हातात घेतलं. त्या दिवशी सही करायच्या आधी बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "एक अट आहे. तुमच्या मुलीने या लाकडाला हात लावायचा नाही. शेल्फांचं जे झालं ते पुन्हा नको."

मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "ती आता इथे नसते."

हे खोटं नाही. खोटं नसलेली वाक्यं मला फार छान जमतात. बाईंनी ती अट कराराच्या दोन्ही प्रतींवर लिहून सही केली. मी कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि वर पेन परत द्यायला त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेलो.

आई हे वाचून म्हणाली, "आता पाऊण झालं. पण आज एवढं पुरे, डिंक आणते."

बाबा

---

८ मार्च, सकाळ

बाळा,

आज नमस्कार-आशीर्वाद सगळे शेवटी. आधी काम.

तुझं उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं, कारण त्या पत्रात मी तुला विचारलंच काय होतं? बाईंची अट तुला कळवली आणि थांबलो. लहानपणी कविता म्हणताना एक मुलगा ठरलेल्या कडव्याला अडखळायचा. मास्तर विचारायचे, "विसरलास की चुकवतोयस?" तो म्हणायचा विसरलो. मास्तर म्हणायचे, विसरणारा दर वेळी वेगळ्या जागी अडखळतो. तो मुलगा मीच होतो.

तर ते कडवं. तुला सगळं माहीतच आहे, पण माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याजवळ असावं म्हणून लिहितो.

सहा वर्षांपूर्वी वाचनालयाला शेल्फांच्या फळ्या हव्या होत्या. तू म्हणालीस, "बाबा, ओल्याचा भाव वेगळा लिहा, सुक्याचा वेगळा, आणि तारीख लिहूच नका." मी म्हणालो, गिऱ्हाइकाला एकच आकडा आवडतो, गाण्याला एकच ध्रुवपद असतं तसा. एक आकडा लिहिला आणि खाली तारीख. फळ्या तू चिरल्यास. जाड ठेवल्यास, जितक्या ठेवायच्या तितक्या. टोकांवर गेरूने तुझी खूण केलीस, गोल आणि मध्ये टिंब. आपल्या गिरणीची रीतच ती: जो हात लावेल त्याने टोकावर आपली खूण करायची, म्हणजे फळी बोलली तर कुणाबद्दल बोलते ते कळतं. माझ्या दोन उभ्या रेघा.

मग तू चार दिवस मावशीकडे गेलीस. तारीख जवळ आली होती. फळ्या ओल्याच होत्या, हाताला गार लागत होत्या. मी त्या यंत्रातून काढल्या, नेमक्या मापाला आणल्या, आणि शेवटचा हात माझ्या रंध्याने दिला. पहिल्याच फळीत खिळ्याचं तुटकं टोक लागलं आणि पात्याला खाच पडली. एरवी मी थांबलो असतो, पातं घासलं असतं. थांबलो नाही. चौतीस फळ्या त्याच पात्याने रंधल्या. आणि टोकावर माझ्या दोन रेघा केल्या नाहीत. का नाही केल्या? गेरूची डबी पलीकडच्या कोनाड्यात होती म्हणून. बारा पावलांवर. मुद्दाम नाही, हे तू मान किंवा नको मानूस. पण नंतर जे केलं ते मुद्दामच.

चार महिन्यांत शेल्फं वाट्यांसारखी वाकली. खाचांतून निघाली. कवितांचा कप्पा सगळ्यात आधी कलला, आणि पुस्तकं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून बसली, हे मी नंतर बरेच दिवस विनोद म्हणून सांगत फिरलो. बाई एक फळी घेऊन आल्या आणि भर अंगणात माझ्यापुढे टाकली. चार गिऱ्हाइकं होती, दोन ट्रकवाले होते, तू होतीस. "हे कुणाचं काम?" मी वाकलो, टोक पाहिलं आणि म्हणालो, "खूण मुलीची दिसते."

दिसते. तेही खोटं नव्हतं.

बाई तुला जे बोलल्या ते तू ऐकून घेतलंस. माझ्याकडे एकदा पाहिलंस. मग कोनाड्याकडे गेलीस, गेरूच्या डबीचं झाकण घट्ट लावलंस आणि ती मागे सरकवून ठेवलीस. त्यानंतर तू एकाही फळीवर खूण केली नाहीस. कारखान्याची नोकरी चांगली आहे म्हणून गेलीस असं मी सगळ्यांना सांगतो. नोकरी चांगलीच आहे.

हे झालं जुनं. आता परवाचं.

मंगळवारी मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, खणातला रंधा पिशवीत टाकून निघालो. आई ओट्याशी उभी होती. कुठे निघालात विचारलं नाही. म्हणाली, "पिशवी जड आहे, हात बदलत जा."

वाचनालयात नऊ-दहा माणसं वाचत होती. पेपर धरलेले तीन म्हातारे, परीक्षेची दोन-चार मुलं, पंख्याखाली झोपलेला एक वकील. बाई टेबलाशी कार्डं लावत होत्या.

"गिरणीवाले, पुस्तक परत करायला आलात की पुढची मुदत मागायला? तुमच्याकडे दोन कवितासंग्रह आहेत."

"मुदत नको. तुमच्या शेल्फाची एक फळी काढायची आहे. जुन्यातली."

"आत चला मग, इथे लोक वाचतायत."

"नको बाई. त्या दिवशीही लोक होते."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मी कवितांच्या कप्प्यापाशी गेलो, पुस्तकं खाली ठेवली, फळी ओढली. ती इतकी सैल होती की हातात आपणहून आली. टोकावर तुझा गोल होता, टिंब होतं. रंग फिका झालाय, पण आहे. फळी मी खाली टेकवली आणि बाईंना म्हटलं, "बोट फिरवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"ही वर आलेली रेघ ना? केसाएवढी. मला माहीत आहे. सहा वर्षं धूळ पुसताना बोटाला लागते. मला वाटायचं लाकडाचीच आहे."

मी पिशवीतून रंधा काढला आणि त्या रेघेवर ठेवला. पात्याची खाच रेघेवर चपखल बसली. पुढे ढकलला, तसा रुळावरून जावा तसा गेला. दुसरी फळी काढली, तिच्यावरही तेच.

"हा रंधा माझा आहे," मी म्हटलं. "गिरणीत कुणीच दुसऱ्याचा रंधा हातात घेत नाही. चिरल्या तिने, त्या बरोबर चिरल्या. ओल्या असताना रंधल्या मी. तिने नको सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिची खूण वाचून दाखवली आणि माझी लपवली."

आवाज माझा जरा मोठा झाला असावा, कारण वकील जागा झाला. पेपरवाल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने पेपर खाली केला. त्याला मी ओळखलं. त्या दिवशी अंगणात तोही होता. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "तुम्हीही ऐकलंत ना?" तो म्हणाला, "ऐकलं." आणि पुन्हा पेपर वर केला. दोन शब्दांचं काम दोन शब्दांत झालं.

बाईंनी फळी उचलून उजेडाकडे धरली. मग हळू म्हणाल्या,

"मी तिला काय बोलले होते, आठवतं तुम्हाला?"

"शब्दन् शब्द."

"मला एकही आठवत नाही." त्यांनी फळी टेबलावर आडवी ठेवली. "तुम्ही दोन आकडे लिहिलेत तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी शहाणे झालात. ते दोन आकडे तिचेच ना?"

"तिचेच."

"आणि जाडी?"

"एक सूत तिचा. बाकी पावणेदोन माझेही होते." सगळंच कसं सोडायचं, मोजपट्टी. थोडा मान मलाही हवा.

बाईंनी खणातून आपला करार काढला. अटीची ओळ त्यांच्याच अक्षरात होती. ती खोडली आणि वर काहीतरी लिहू लागल्या.

"मग अट अशी. शेवटचा रंधा तुमच्या मुलीचा. तिने हात लावला तरच ते टेबल माझ्या वाचनालयात येईल. नाहीतर फळ्या तुमच्या शेडमध्ये पडू द्या, मी भाडं देत राहीन."

मी त्यांचा हात धरला. खरंच धरला, आणि लोक बघत होते.

"हे लिहू नका बाई."

"का? ती येणार नाही असं वाटतं?"

"तसं नाही. तिच्या नावावर मी एकदा न विचारता लिहिलं, तेवढं पुरे. तिला मी फक्त काय झालं ते कळवीन. हो-नाही तिचं."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. कागदावर अर्धीच ओळ राहिली, 'शेवटचा रंधा' एवढीच. तसाच तो माझ्याकडे दिला. म्हणाल्या, "बरं. पुढचे शब्द ती भरील. आणि तिला सांगा, मी तिची माफी मागणार आहे. ते मात्र तुमच्या पत्रातून नाही, मी माझी लिहीन. पत्ता द्या." दिला. येईल तुला त्यांचं पत्र. अक्षर बारीक आहे, उजेडात वाच.

निघताना त्यांच्याकडून लाल पेन्सिल मागून घेतली. फळी परत जागेवर घालायच्या आधी तिच्या टोकावर, तुझ्या गोलाच्या खाली, माझ्या दोन रेघा मारल्या. सहा वर्षं उशिरा. चौतीसच्या चौतीस फळ्या काढल्या आणि सगळ्यांवर मारल्या. परीक्षेची मुलं पुस्तकं उचलून द्यायला लागली. त्यांना वाटलं म्हातारा मोजदाद करतोय. बाई मध्येच म्हणाल्या, "कवितांची पुस्तकं उलटी लावलीत तुम्ही." मी म्हटलं, राहू द्या, थोडा वेळ शीर्षासन करतील.

घरी आलो. आईने विचारलं, "झालं?" मी म्हटलं झालं. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, "जेवा. आणि आता कुणाला सांगत फिरू नका किती धीटपणे सांगितलंत ते." तिला मी किती वर्षं आवडतो कोण जाणे, पण ओळखते मात्र पुरती. मग मी सहाणीवर पाणी घालून ती खाच घासत बसलो. तासभर लागला. पोलाद चांगलं आहे, मुळात कधीच वाईट नव्हतं.

आता तुझ्याकडे काय उरतं ते सांगतो. तू ये असं मी लिहीत नाही. तुझा कारखाना आहे, तुझं घर आहे, तुझा राग आहे, आणि तिन्ही तुझ्या कष्टाचे आहेत. नऊ फळ्या उत्तरेच्या भिंतीशी सावलीत आहेत. पट्ट्या ओळंब्यात आहेत, वजन जागेवर आहे. टोकांवर मेण आहे, खूण नाही. चिरल्या मी, तरी माझ्या रेघा अजून केल्या नाहीत. गेरूची डबी कोनाड्यातून पुढे काढून ठेवली आहे. झाकण उघडलं नाही, ते तू लावलं होतंस. माझ्या खुणेसाठी ते उघडायला तुझी हरकत नसेल तर कार्डावर 'उघडा' एवढाच शब्द लिही. पोस्टमनला पुन्हा काही लिहिलेलं दिसणार नाही, पण मला दिसेल.

घाई अजिबात नाही. इंचाला वर्ष, या हिशेबाने फळ्यांना पावणेदोन वर्षं लागतील, आणि तुझ्या एका सुताचा वर दीड महिना. तेवढा मी आहे. वैद्य काही म्हणोत, मी ओल ओळखतो, आणि माझ्यात अजून भरपूर आहे.

आता आशीर्वाद घे. या वेळी तो दोन शब्दांचा नाही, पण लिहायला गेलो तर यमक जुळेल आणि तुझी आई रागावेल.

त्या चौतीस चिरल्यास तू. रंधल्या मी.

| |
बाबा